रात्री नऊ ते पावणेदहा : आत्याला वाचून दाखवायच्या कादंबऱ्यांच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज काल झाली. आजपासून वाचन सुरू, म्हणून नोंदीही आजपासून.

आत्याच्या डोळ्यांचे पडदे गेलेत. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस आलेला कळतो, तोंड कळत नाही. छापील अक्षर तर गेलंच. वय ७९. आयुष्यभर वाचत आलेली बाई दिवसभर रेडिओ लावून बसते आणि रेडिओवरच चिडते. मोबाइलवर ऐकायची पुस्तकं लावून दिली, ती दोन दिवसांत बंद झाली. "त्यातली बाई मला मधे बोलू देत नाही," म्हणाली.

तेव्हा मीच वाचायचं. रात्री नऊ ते पावणेदहा, जेवणं उरकल्यावर. फक्त कथा-कादंबऱ्या; चरित्रं, अध्यात्म आणि आरोग्य बाद, ही तिची अट. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला सुट्टी, ही माझी. करसल्लागाराचा धंदा आहे, जीएसटीची विवरणं त्या दिवशी भरावी लागतात आणि इंदूरचे व्यापारी कागद आदल्या रात्री पाठवतात.

घरात असलेली : बनगरवाडी, रणांगण, काजळमाया, धग, पानिपत.
मिळवायची : झुंज, झाडाझडती, क्षिप्रा.

पुस्तक उघडं राहावं म्हणून वर ठेवायला आत्याने पेटीतून एक लोखंडी कोयंडा काढून दिला. हरसूदच्या घराच्या दाराचा. पावशेर तरी भरेल.

९ नोव्हेंबर

'बनगरवाडी' घेतली. सोपी म्हणून पहिली, असा माझा हिशेब होता. व्यंकटेश माडगूळकरांचं वाक्य लहान. डोळ्यांनी वाचताना मी त्याला साधं म्हणत आलो. मोठ्याने वाचायला लागल्यावर लक्षात आलं की श्वास कुठे घ्यायचा हे त्या माणसाने आधीच ठरवून ठेवलंय. पंचेचाळीस मिनिटांत अठरा पानं झाली आणि घसा बसला नाही. १९५५ सालचं पुस्तक, पण अर्थ सांगायला थांबावं लागलं ते मेंढरांच्या शब्दांपाशीच. तिथेही आत्यालाच जास्त माहीत होतं.

१५ नोव्हेंबर

बनगरवाडी संपली. दुष्काळ पडतो, मेंढरं जातात, माणसं वाडी सोडतात, शाळा ओस पडते. मला वाटलं, आत्या शेवटावर काही बोलेल. ती दुसरंच बोलली.

"मल्हारराव याच जातीचे ना रे?"

धनगर, हो. नीरेकाठच्या होळ गावचे, म्हणून होळकर.

"मग ते मेंढरं सोडून निघाले ते बरं झालं. नाहीतर तेही असेच वाडी सोडून कुठेतरी गेले असते आणि आपण इंदुरात नसतो."

शाळेत असल्यापासून मी राजवाड्यावरून जातो. सात मजल्यांच्या त्या दरवाजाकडे बघून माणदेशातली ओस पडलेली वाडी मला कधी आठवली नव्हती.

१७ नोव्हेंबर

क्षिप्रासाठी इथल्या एका जुन्या मराठी वाचनालयात गेलो. नोंदवहीत पुस्तक आहे, लाल शाईत. कपाटाला कुलूप. चावी ज्यांच्याकडे आहे ते मुलाकडे बंगळुरूला. डिसेंबरात येतील.

ही कादंबरी का हवी ते लिहून ठेवतो. शरच्चंद्र मुक्तिबोध इंदूरचे, जन्म इथलाच, १९२१ चा. थोरले भाऊ गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले, हे मराठीत लिहीत राहिले. एकाच घरात दोन भाषा, तीही दोन टोकांना. 'क्षिप्रा' १९५४ ची; पुढे 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे', अशा तीन. मराठी कादंबरीत कोकण आहे, देश आहे, वऱ्हाड आहे, मुंबई तर भरपूर आहे. उज्जैनच्या नदीचं नाव कव्हरवर असलेलं हे एक. माझं वय ५२ आणि मी ते वाचलेलं नाही. लाज वाटली, म्हणून यादीत.

आत्याला मुक्तिबोधांच्या घराचं सांगितलं. म्हणाली, "नवल काय त्यात? तू हिशेब हिंदीत करतोस आणि भांडतोस मराठीत."

२४ नोव्हेंबर

'रणांगण' चार बैठकींत संपली. विश्राम बेडेकरांची, १९३९ ची; म्हणजे ज्या वर्षी युद्ध पेटलं त्याच वर्षी छापलेली. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीत जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर विध्वंस. स्वयंपाकघर आवरता आवरता बायकोही येऊन बसली. तिसऱ्या रात्री पावणेदहा वाजले तरी कोणी उठेना, साडेदहापर्यंत वाचलं.

हॅर्टा हे नाव माझ्या तोंडी नीट बसलं नाही. पहिल्या दिवशी हेर्ता, दुसऱ्या दिवशी हर्टा. आत्याने तिसऱ्या दिवशी विचारलं, या दोन बहिणी आहेत का.

ती मधे एकदाच बोलली. "हिला मुंबईत पण उतरू देत नाहीत?" नाही. "मग सामान कुठे ठेवते?" सामान केबिनमध्ये. "ते नव्हे. घर सोडलं तेव्हाचं."

मला सांगता आलं नाही.

२ डिसेंबर

गराडू आले बाजारात, थंडीतला कंद. तळून वर जीरावन मसाला, लिंबू. त्यामुळे वाचन नऊऐवजी सव्वानऊला.

'काजळमाया' चालत नाहीये. दोष जी. ए. कुलकर्णींचा नाही, माझ्या फुफ्फुसांचा. वाक्य सुरू होतं, त्यात एक उपमा येते, उपमेच्या पोटात दुसरी, आणि क्रियापद येईपर्यंत माझा दम संपलेला असतो. डोळ्यांनी वाचताना मागे जाऊन परत येता येतं. तोंडाने वाचताना मागे गेलो की ऐकणारा पुढे उभा राहतो. 'विदूषक'च्या अर्ध्यावर आत्याचा डोळा लागला. मी थांबलो तर म्हणाली, "जागी आहे." कुठे आलो होतो ते सांगता येईना.

पुस्तक परत माझ्या टेबलावर, एकट्याने वाचीन. प्रत २००१ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनात घेतलेली. विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, मी स्वयंसेवक. जेवणाची कुपनं वाटत होतो. काजळमायेला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. पुस्तक नेमकं कधी प्रसिद्ध झालं यावरून वाद उठला आणि जी. एंनी पुरस्कार परत केला. तारखांपायी काय काय होतं हे माझ्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

५ डिसेंबर

'धग' सुरू. उद्धव शेळके, १९६०. पहिल्याच पानावर आत्याने हात वर केला.

"काय करून राहिला आहेस? ही काय वाचायची रीत झाली?"

संवाद वऱ्हाडी आहेत आणि मी ते इंदुरी मराठीत वाचत होतो. आत्याचं सासर मूळचं अकोटकडचं. तिकडून तिच्या सासऱ्यांचे वडील आले आणि हरसूदला दुकान टाकून राहिले. सासू मरेपर्यंत 'मले-तुले' बोलली.

मग ठरलं की निवेदन मी वाचायचं. संवाद आला की मी तो सपाट वाचून दाखवायचा आणि आत्याने परत म्हणायचा, तिच्या सासूच्या सुरात.

१६ डिसेंबर

धग संपायला बारा दिवस लागले. एकेक संवाद दोनदा होत होता, म्हणून नव्हे फक्त. कौतिक बोलायला लागली की आत्या ताठ बसायची, मान थोडी उजवीकडे, एक हात गुडघ्यावर. महादेव शिंप्याचं बोलणं ती खालच्या आवाजात, काहीशा तिरस्काराने म्हणायची. तो महारोगाने खचत गेला तसा तिरस्कार कमी होत गेला. सांगून केलेलं नव्हतं. नामाच्या तोंडची वाक्यं मात्र तिने मला दिली. "पोराचं तू म्हण."

शेवटचं पान तिने म्हटलं नाही, मीच वाचलं. उठताना म्हणाली, "बाईने सगळं केलं, काही उरलं नाही. आमच्या सासूबाईंना हे वाचून दाखवायला हवं होतं. त्यांना वाटायचं, कादंबऱ्या म्हणजे पुण्याच्या बायकांच्या."

धगसारखं आणखी काय आहे ते मुलीला पुण्यात विचारायला सांगितलंय.

१९ डिसेंबर

अकादमीचे पुरस्कार काल जाहीर झाले. मराठीत सुधीर रसाळांच्या 'विंदांचे गद्यरूप'ला. समीक्षा आहे, त्यामुळे आमच्या यादीत भर नाही. गेल्या वर्षीचं कृष्णात खोतांचं 'रिंगाण' मात्र घ्यायचं ठरलं. धरणात गेलेल्या गावाची गोष्ट. मागे सोडलेली म्हैस रानटी होते आणि तिला आणायला माणूस जातो, एवढं माहीत आहे. आत्याला तेवढं सांगितलं. "म्हैस जाईल कुठे?" म्हणाली आणि गप्प बसली.

चावीवाले गृहस्थ अजून बंगळुरूलाच.

२३ डिसेंबर

'पानिपत' उघडलं. कोयंडा पहिल्यांदा कामाला आला. एवढं जाड पुस्तक मांडीवर घेऊन एका हाताने पानं उलटणं म्हणजे कसरत. आता पाट, पाटावर पुस्तक, डाव्या पानावर कोयंडा.

विश्वास पाटलांची ही १९८८ ची कादंबरी मी कॉलेजात असताना दोन रात्रींत संपवली होती. आता दिवसाला पंधरा पानं. तेव्हा न दिसलेलं एक दिसतंय, ते म्हणजे खाणं. एवढी फौज, बायकापोरं, यात्रेकरू, रोज काय खाणार, याचा ताण पानापानांतून वाढत जातो. तोफा मोठ्या आवाजात वाचल्या जातात. उपासमार हळू वाचावी लागते.

४ जानेवारी २०२५

आत्याचा पक्ष ठरला आहे. मल्हारराव. भाऊसाहेबांनी म्हाताऱ्याचं ऐकायला हवं होतं, बायकापोरं चंबळेपलीकडे ठेवून गनिमी काव्याने लढायला हवं होतं, वगैरे. मी इब्राहिमखान गारद्याची बाजू घेतली : तोफा घेऊन गनिमी कावा कसा करणार? घर दोन तटांत विभागलं. बायको म्हणाली, तुम्ही दोघं पानिपतावर भांडा, मी कुकर लावते.

१४ जानेवारी

संक्रांत. गल्लीत पोरं सकाळपासून गिल्ली-दांडू खेळतायत, एक गिल्ली आमच्या बाल्कनीत आली. १७६१ ची लढाई याच तारखेची. आम्ही कादंबरीत अजून शंभर-सव्वाशे पानं मागे होतो; पण आत्याने हट्ट धरला की आजच्या दिवशी आजचं वाचायचं. तिळगूळ खाऊन बसलो आणि उडी मारली थेट गोलाच्या लढाईवर, म्हणजे सगळी फौज एका रचनेत बांधून लढले त्या प्रसंगावर.

दामाजी गायकवाड आणि विंचूरकर गोल मोडून पुढे जातात. मग विश्वासराव. मग हत्तीवरून भाऊ दिसेनासे होतात. आणि मग ते, जे आम्हा इंदूरवाल्यांना वाचायचं नसतं : मल्हारराव मैदान सोडतात.

पुण्याच्या माणसाने हे वाचलं तर त्याच्या दृष्टीने पळून गेलेला सरदार एक, आणखी दोन-चार. इथे बसून वाचलं की त्या पळून गेलेल्या माणसामुळे आपल्या शहराचं पुढचं सगळं घडलं. मल्हारराव पुढे पाच वर्षं जगले, १७६६ साली आलमपूरला गेले. दौलत सुनेच्या हातात आली आणि अहिल्याबाईंनी ती अठ्ठावीस वर्षं चालवली. मी हे आत्याला म्हणालो. तिने तिळगुळाचा डबा बंद केला.

"तरी पण पळाले ना."

दहा दिवस त्यांच्या बाजूने भांडल्यावर हे.

२९ जानेवारी

पानिपतचा उरलेला मधला भाग संपवला. शेवट आधी कळलेला असताना मधलं वाचायला जड गेलं. पुन्हा असं करायचं नाही.

चावीवाले परत आले. कपाट उघडलं. लाल शाईतल्या क्रमांकाच्या जागी 'सरहद्द'. क्षिप्रा नाही. कोणी कधी नेली त्याचा कागद नाही. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दोन दुकानांत विचारलं. एकाने नाव ऐकून मला उज्जैनचा नकाशा दाखवला.

सरहद्द घरी आणलेली नाही. दुसरा भाग आधी वाचला तर आत्या मला घरात ठेवणार नाही.

८ फेब्रुवारी

मुलगी पुण्याहून आली. पिशवीत 'झुंज', 'झाडाझडती' आणि 'रिंगाण'.

ना. सं. इनामदारांची 'झुंज' १९६६ ची. यशवंतराव होळकरांवर. एका मराठी लेखकाने आमच्या यशवंतरावांवर अख्खी कादंबरी लिहिली, याबद्दल इंदुरात एखादा चौक त्याच्या नावाने असायला हवा होता. आज फक्त तीस पानं. इनामदारांचे संवाद नाटकासारखे. मुजरे, हुकूम, पेचप्रसंग. आत्याला हे आवडतंय. मला जरा जास्त होतंय, पण वाचायला मजा येते, आवाज बदलता येतो.

१९ फेब्रुवारी

यशवंतराव पुण्यावर चालून गेले ते १८०२ च्या ऑक्टोबरात, २५ तारखेला, दिवाळीत. हडपसरच्या बाजूला शिंदे आणि पेशवे दोघांचीही फौज मोडली. बाजीराव पळाला आणि वर्षाच्या आत इंग्रजांशी तह करून बसला. मुलगी पुण्यात हडपसरलाच नोकरी करते. तिला फोन केला. "बाबा, इथे आयटी पार्क आहे," म्हणाली.

एक निरीक्षण : पानिपतात माणसं चुकतात ती एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून. झुंजमध्ये माणसं भरपूर बोलतात आणि तरी चुकतात. वाचायला सोपी दुसरी; मनात राहते ती पहिली.

२२ फेब्रुवारी

दिल्लीचं संमेलन टीव्हीवर. तारा भवाळकर अध्यक्ष; भाषण आत्याने शेवटपर्यंत ऐकलं, रेडिओवर चिडते तशी एकदाही चिडली नाही. वाचनाला सुट्टी.

२ मार्च

झुंज संपली. यशवंतराव भानपुऱ्याला गेले, १८११ मध्ये, पस्तिशीच्या आत. तोफा ओततच. आत्याने त्यांची छत्री पाहिलीय. काकांबरोबर, म्हणजे तिच्या यजमानांबरोबर, मंदसोरकडे लग्नाला गेली होती तेव्हा. काय आठवतं विचारलं. "उन्हात दगड तापलेले होते, मी चप्पल काढली आणि परत घातली."

४ मार्च

आज झाडाझडती घ्यायची की रिंगाण, यावर मी दोन दिवस टाळाटाळ केली. दोन्ही धरणग्रस्तांच्या. शेवटी आत्याच म्हणाली, "जाड ते आधी."

विश्वास पाटलांचीच, १९९१ ची, अकादमी पुरस्कार पुढच्या वर्षीचा. जांभळी गावचे लोक, धरण, सरकारी कागद, नुकसानभरपाई, नव्या जागेचे हाल. वीस पानं वाचली. आत्या काहीच बोलली नाही, हेच मला खटकलं.

७ मार्च

आज बोलली. मोजणीचा भाग आला होता. घराची किंमत कशी लावतात तो.

"आमच्याकडे उलटं झालं," म्हणाली. "घर आपणच पाडायचं. पाडलं की पैसे."

हरसूद २००४ च्या जूनअखेर रिकामं केलं, इंदिरासागर धरणासाठी. सुमारे अडीचशे गावं त्या पाण्यात गेली. हरसूद त्यातलं मोठं, बाजारपेठेचं. लोकांना छनेऱ्याला नवं हरसूद दिलं. काका तिकडे गेले नाहीत, इंदूरला आले.

तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो :

"आधी पत्रे काढले. मग दारं, कारण सागवान. चौकटी निघेनात, त्या सब्बलीने उचकटल्या. तुझे काका भिंत पाडायला माणूस शोधत होते, माणूस मिळेना. जो तो आपापलं घर पाडत होता. मग समोरच्यांनी आमची पाडली आणि आम्ही त्यांची. आपलं आपल्याला पाडवत नाही म्हणून. दार ट्रकमध्ये बसलं नाही. कोयंडा काढून घेतला."

मी विचारलं, ८९ सालच्या त्या मोठ्या सभेला गेली होतीस का? २८ सप्टेंबरला देशभरातून माणसं हरसूदला आली होती, बाबा आमटे आले होते. "गेले की. घरी अकरा पाहुणे. पोह्यांचं पातेलं चारदा चढवलं. बाबांचं भाषण मला ऐकू आलं नाही, मी मागे होते. पण तेव्हा वाटलं होतं, एवढी माणसं आली म्हणजे गाव राहील."

पुढे वाचायचं का, विचारलं.

"वाच. कागदांचं बरोबर लिहिलंय त्याने. भिंतीचं अजून आलं नाही."

१३ मार्च

परवा सुट्टी झाली. झाडाझडती अर्ध्याच्या पुढे. आत्या आता पानापानाला दुरुस्त्या सांगते, एखादा जुना कारकून मसुदा तपासतो तशी. हे असंच होतं. हे असं नाही. हे असं असेल तिकडे, आमच्याकडे साहेब असं बोलत नव्हते, साहेब गोड बोलायचे. मी पेन्सिलीने समासात खुणा करतोय. मुलीचं पुस्तक आहे, ओरडेल.

१९ मार्च

रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाण्याच्या मिसाइलने रंग चौथ्या मजल्यापर्यंत. मी गेलो नाही, सकाळी उज्जैनला गेलो. एका निवृत्त प्राध्यापकांकडे 'क्षिप्रा' आहे असं कळलं होतं. त्यांनी दार उघडलं, माझ्या हाताला रंग आहे का ते पाहिलं आणि मग पुस्तक दिलं. पाठकोरं कव्हर, शिवण सुटलेली, पहिली दोन पानं वेगळ्या दोऱ्याने टाचलेली. अट : तीन महिन्यांत परत, आणि पुस्तकाला पाणी लागू द्यायचं नाही. परतीच्या बसमध्ये सावेरपाशी पोरांनी खिडकीतून रंग मारला. पुस्तक शर्टच्या आत होतं, शर्ट गेला.

झाडाझडतीची शंभर पानं उरलीत. त्यानंतर रिंगाण, मग क्षिप्रा, असा क्रम होता. आत्या म्हणते, क्षिप्रेची परत द्यायची तारीख ठरलेली आहे तेव्हा ती आधी. मी म्हणालो, उद्या वीस तारीख, बावीस विवरणं बाकी आहेत, अकरा जणांनी अजून बिलंच पाठवली नाहीत.

"मग आज दोन पानं वाच. दोऱ्याने टाचलेली आहेत ती."

कोयंडा वर ठेवला नाही. शिवण तुटेल म्हणून पुस्तक हातातच धरलं.